रविवारी डोके का दुखत नाही?



दसरा-दिवाळी सरली की आपल्या गेवराई तालुक्यातील कित्येक वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मागे उरतात ते म्हातारे आणि शाळकरी मुले. कारखान्याचा पट्टा पडून आई-बाप परत येईपर्यंत त्या मुलांचा ताप, खोकला, जेवण आणि अभ्यास हे सारे आजी-आजोबांच्या अंगावर असते. माझ्या दवाखान्यातही या पाच-सहा महिन्यांत मूल येते ते बहुधा आजीचे बोट धरून.

म्हणून आरोग्याच्या या सदरात आज मी शाळेच्या वर्गखोलीविषयी लिहीत आहे. हा विषय शिक्षकांचा आहे, आपला नव्हे, असे वाटून आपण पान उलटू नये. त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, आई-बाप परगावी असताना त्या मुलाचे पालक आपणच असता. दुसरे म्हणजे, मूल वर्गात जो श्वास घेते त्यातील सर्दी, फ्लू किंवा क्वचित क्षयाचा जंतू संध्याकाळी घरी येतो, आणि मधुमेह किंवा दमा असलेल्या आजोबांच्या शेजारीच ते मूल झोपते.

एक आजी, एक नात

मागील हिवाळ्यातील गोष्ट सांगतो. चौथीत शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या नातीला घेऊन एक आजी आल्या. मुलीचे डोके रोज दुपारी दुखे, डोळे चुरचुरत, मधूनमधून खोकला येई. वर्गात ती जांभया देई आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देई. ‘मुलगी मठ्ठ होत चालली आहे’ असा शेरा शाळेतून घरी पोहोचला होता.

मी तपासले. हिमोग्लोबिन 9.8 ग्रॅम भरले. या वयात ते 11.5 च्या खाली असेल तर रक्तक्षय म्हणावा लागतो. मी लोहाचे औषध दिले, जंताची गोळी दिली, आणि रोगाचे मूळ सापडले या समाधानात पुढच्या रुग्णाला आत बोलावले. काही आठवड्यांनी आजी पुन्हा आल्या, तेव्हा मी डोळे तपासून घेण्यास सांगितले. नजर उत्तम निघाली. तिसऱ्यांदा आल्या त्या जानेवारीच्या अखेरीस. हिमोग्लोबिन 11 पर्यंत चढले होते, चेहऱ्यावर तकाकी आली होती, भूक वाढली होती. डोकेदुखी मात्र जशीच्या तशी होती.

दरम्यान, उसाच्या फडातून मुलीच्या वडिलांचा फोन आला होता. शाळेत डोके चालत नसेल तर पुढच्या हंगामाला तिला सोबतच न्यावे, धाकट्या भावाला तरी सांभाळील, असा त्यांचा विचार चालला होता. आपल्या भागात या वाक्याचा अर्थ सर्वांना कळतो. एकदा फडावर गेलेली मुलगी शाळेत परत येतेच असे नाही.

मी वेदनाशामक गोळी लिहून देण्यासाठी कागद ओढला, तेव्हा आजी म्हणाल्या, “डाक्टरसायेब, एक सांगू का? ऐतवारी न्हाई दुखत तिचं डोकं. संक्रांतीला सुट्टी व्हती, तवाबी न्हाई दुखलं.”

मी कागद बाजूला ठेवला. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. गिरणीत किंवा जिनिंगमध्ये काम करणारा रुग्ण आला की आम्ही डॉक्टर आवर्जून विचारतो, ‘सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का?’ कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, छाती अधिक आवळते, हे आम्हाला अभ्यासक्रमातच शिकविलेले असते. कामगाराला विचारतो तो प्रश्न मी मुलीला विचारला नव्हता. तिचीही एक कामाची जागा आहे, रोज पाच-सहा तास ती तेथे बसते, हे मला सुचलेच नव्हते.

वर्गाला कोण तपासणार?

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एका गुरुवारी दुपारी मी त्या वर्गात गेलो. थंडीच्या वाऱ्यामुळे दार ओढून घेतलेले होते. एका शिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे दोन इयत्ता एकत्र बसविल्या होत्या. मी मोजली, 47 मुले होती. उत्तरेच्या खिडकीला जुन्या नोंदवह्यांचे कपाट लावलेले होते. दक्षिणेची खिडकी उघडत होती ती थेट पोषण आहाराच्या चुलीवर. धूर आत येतो म्हणून बाईंनी ती बंद ठेवली होती, तरी तिच्या फटींतून धूर येतच होता. आणि त्या खिडकीखाली, भिंतीला टेकून, आमची मुलगी बसलेली होती.

बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकताच कोंदट, घामट, धुरकट वास आला. दहा मिनिटांनी तो मला जाणवेनासा झाला. बाईंना तर तो कधी जाणवतच नसणार, कारण त्या सकाळपासून तेथेच होत्या.

येथे कोणाला दोष देण्यासारखे काही नव्हते. दार थंडीसाठी बंद होते, एक खिडकी धुरासाठी, दुसरी कागदपत्रांच्या सुरक्षिततेसाठी. प्रत्येक गोष्ट कोणीतरी चांगल्या हेतूनेच बंद केली होती. साऱ्या चांगल्या हेतूंची बेरीज मात्र हवाबंद खोली झाली होती.

आपल्याकडे शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी ही जुनी गोष्ट आहे. भारतात ती प्रथम 1909 साली बडोदा शहरात झाली. ते संस्थान होते नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांचे. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलांना तपासतात. या कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. मुलाचे दात, डोळे, कान, हृदय, वजन, उंची हे सारे पाहिले जाते. वर्गखोलीची नाडी मात्र सहसा कोणी पाहत नाही.

नियम नाहीत असे मुळीच नाही. वैद्यकीय विद्यार्थी म्हणून आम्ही ‘पार्क’ यांचे सामाजिक वैद्यकाचे जाडजूड पुस्तक पाठ करीत असू. शालेय आरोग्याच्या प्रकरणात वर्गखोलीची किमान मोजमापे दिलेली आहेत. एका वर्गात 40 हून अधिक मुले नसावीत. प्रत्येक मुलामागे किमान 10 चौरस फूट जागा असावी. दारे-खिडक्यांचे एकूण क्षेत्र जमिनीच्या निदान 25 टक्के असावे. वारा आरपार वाहावा म्हणून खिडक्या वेगवेगळ्या भिंतींत असाव्यात. झरोके जमिनीच्या 2 टक्क्यांहून कमी नसावेत. भिंती पांढऱ्या असाव्यात, उजेड शक्यतो डावीकडून यावा आणि समोरून येऊ नये. परीक्षेत मी हे लिहिले, गुण मिळविले आणि विसरून गेलो.

बंद खोलीत काय घडते

आपण बाहेर टाकतो त्या श्वासात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. मोकळ्या हवेत तो दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतो. जर्मनीतील म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी 1858 साली असे मांडले की, माणसांच्या श्वासाने खोलीतील हे प्रमाण 1000 भागांवर गेले की ती हवा राहण्यास योग्य समजू नये. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी हवा खेळती आहे की नाही हे ठरविताना हाच आकडा आजही खुणेसारखा वापरला जातो.

आता एक ढोबळ हिशेब करू. वर्ग 20 फूट रुंद, 25 फूट लांब, 10 फूट उंच आहे. त्यात साधारण 140 घनमीटर हवा मावते. शांत बसलेले एक मूल तासाला अंदाजे 12 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. 40 मुले असली आणि खोली पूर्ण बंद असली तर 1000 चा टप्पा दहा-बारा मिनिटांतच ओलांडला जातो. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा ये-जा करते, त्यामुळे वेळ जरा अधिक लागतो, इतकेच. म्हणजे पहिला तास संपण्याच्या कितीतरी आधी मुले एकमेकांनी टाकलेला श्वासच पुन्हा घेऊ लागलेली असतात.

एवढ्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नसतो, हे येथे स्पष्ट करतो. पण तो वाढला याचा अर्थ ताजी हवा येत नाही. मग घाम, धूळ, धूर आणि खोकल्यातून उडालेले जंतू हे सारे आतच साचते. अशा हवेत सुस्ती येते, डोके जड होते, लक्ष उडते. त्यात लाकडाचा धूर मिसळला तर त्यातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात, डोळे चुरचुरतात आणि दमेकरी मुलाची छाती वाजू लागते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूहून कितीतरी घट्ट चिकटतो, आणि त्याचे पहिले लक्षण डोकेदुखी हेच असते. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे तिला तर हे दुप्पट महाग पडते.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. छताचा पंखा ताजी हवा आणत नाही, आहे तीच हवा फिरवितो. खिडक्या लावून पंखा सुरू केला तर गार वाटेल, पण एकाचा खोकला साऱ्या वर्गाला वाटला जाईल. करोनाकाळानंतर आपल्या ग्रामीण भागातील पाचवीपुढचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 रोजी उघडले, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह सर्वत्र होता. साथ ओसरली आणि तो आग्रहही ओसरला. तो टिकायला हवा होता.

अर्ध्या तासाची तपासणी

वर्गाची परीक्षा घेण्यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. निसर्गाने दिलेली उपकरणे आपल्यापाशी आहेत, आणि साठ-सत्तर वर्षांचा अनुभव आहे. मुख्याध्यापकांना आधी विचारून, शाळा भरलेली असताना, शक्यतो दुपारच्या सुट्टीच्या थोडे आधी जावे. सकाळी पहिल्या तासाला गेल्यास खोली फसवी ताजी वाटते.

नाक. दोन-चार मिनिटे बाहेर मोकळ्यावर उभे राहावे आणि मग आत जावे. दारात घेतलेला पहिला श्वास हीच खरी चाचणी. तो कोंदट वाटला तर हवा खेळत नाही, असे समजावे. नाक लवकर सरावते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या श्वासावर विसंबू नये. कुबट वास आला तर भिंतीत ओल आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना भेगा जातात आणि त्यांतून पाणी झिरपते. श्रावण-भाद्रपदात कोपऱ्यांत काळी बुरशी दिसते का, हे पाहावे. ती दम्याला आमंत्रण देते.

वारा. रिकाम्या वर्गात एक उदबत्ती पेटवून खिडकीपाशी धरावी. धूर एका खिडकीकडून दुसरीकडे वाहत गेला तर वारा आरपार आहे. तो सरळ वर चढून तेथेच घुटमळला तर नाही. पाहून झाले की उदबत्ती विझवावी.

जागा. खोली पावलांनी मोजावी. साधारण अडीच फुटांचे एक पाऊल धरले तर आठ पावले बाय दहा पावले म्हणजे 500 चौरस फूट होतात. वयोमानाने पाऊल आखूड पडत असेल तर घरातील टेप न्यावा. त्यास मुलांच्या संख्येने भागावे. उत्तर दहाच्या खाली आले तर दाटी आहे.

डोळे. शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, मुलाच्या उंचीइतके खाली बसावे आणि फळा वाचून पाहावा. फळ्यावर उजेडाची चमक येते का? पुस्तकातील बारीक अक्षर डोळे न ताणता दिसते का? आपला चष्मा लावून आपल्यालाच ते कठीण वाटले तर ढगाळ दिवशी मुलांचे काय होत असेल? वर्गासाठी साधारण 300 लक्स इतका उजेड अपेक्षित असतो. मोबाइलमधील मापक अंदाजे का होईना, तो दाखवितो. उजेड डावीकडून यावा असे म्हणतात, कारण उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडत नाही. नातवंड डावखुरे असेल तर त्याची जागा याच्या उलट असावी.

कान. शिक्षकांना विनंती करावी की, फळ्याकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात दहा सुटे शब्द उच्चारावेत, आणि मागच्या मुलांनी ते लिहावेत. दोन-तीन शब्द चुकले तर मूल मठ्ठ आहे असे ठरविण्याआधी वर्ग गोंगाटाचा आहे का हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलहून अधिक नसावा. महामार्गालगतच्या शाळेत किंवा पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात हे साधणे अवघड असते. ज्याला ऐकू कमी येते त्याला अशा वेळी पुढे बसविणे हे अत्यंत साधे औषध आहे.

त्वचा. फाल्गुन-चैत्रात पत्र्याच्या छपराखाली दुपारी उभे राहून पाहावे. डोक्यावर जणू तवा ठेवला आहे असे वाटते. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक वर्गात लावावा आणि मुलांनाच रोज बारा वाजता त्याचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहू द्यावा. महिनाभराची ती नोंद कोणत्याही अर्जापेक्षा अधिक बोलकी ठरते.

धूळ. खिडकीच्या कठड्यावर पांढरा रुमाल फिरवावा. मुले येण्यापूर्वी कोरडा झाडू मारला जात असेल तर उडालेली धूळ पहिल्या तासाला त्यांच्याच नाकात जाते.

ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी आणखी एक सांगतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारे हातात मावेल एवढे यंत्र आता काही हजार रुपयांत मिळते. एका केंद्रातील सर्व शाळांनी मिळून एक घेतले तरी पुरे. आकडा 1000 च्या खाली राहिला तर उत्तम. पण यंत्र नाही म्हणून अडून बसू नये. पहिला श्वास फुकट आहे.

कमी खर्चाचे उपाय

पहिला उपाय म्हणजे बंद पडलेल्या खिडक्या मोकळ्या करणे. कपाट भिंतीला सरकवावे, गंजलेल्या बिजागऱ्यांना तेल द्यावे. थंडीत सर्व खिडक्या सताड उघडण्याची गरज नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्यांची वरची झापे चार बोटे उघडी ठेवली आणि प्रत्येक तासानंतर पाच मिनिटे दारासकट सर्व उघडले, तरी मोठा फरक पडतो. मुलांना त्या वेळात बाहेर एक फेरी मारून येऊ द्यावे. स्वेटर मुलाच्या अंगावर असावा, खोलीला नको.

दुसरा उपाय धुराचा. चूल वर्गाच्या खिडकीपासून दूर आणि वाऱ्याच्या उलट अंगाला हवी. गॅसवर स्वयंपाक होत असेल तर प्रश्नच मिटला. पालापाचोळा आणि प्लास्टिक शाळेच्या आवारात जाळू नये.

तिसरा उपाय केरसुणीचा. झाडलोट शाळा सुटल्यावर करावी, आधी पाण्याचा शिडकावा द्यावा, आणि जमलेच तर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. खडूचे डस्टर वर्गात न झटकता बाहेर झटकावे.

चौथा उपाय छपराचा. उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले की ऊन बरेचसे परतते. पावसाने तो धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. छपरावर उसाचे पाचट पसरण्याचा मोह टाळावा, एका ठिणगीचे काम असते. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे असेल तर ते फोडू, घासू किंवा त्याला भोके पाडू नयेत, कारण त्यातील ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. पश्चिमेच्या अंगाला दोन कडुलिंब लावावेत. त्यांची सावली आपल्या नव्हे, तर नातवंडांच्या मुलांच्या कामी येईल, पण आपल्या वाडवडिलांनीही याच हिशेबाने झाडे लावली होती.

आपला अधिकार

आपण म्हणाल, म्हाताऱ्या माणसाचे शाळेत कोण ऐकणार? कायदा ऐकतो. 2009 च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य मुलांचे माता-पिता किंवा पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असे त्या कायद्याचे कलम 21 सांगते. ‘पालक’ हा शब्द तेथे आई-बापांहून वेगळा लिहिलेला आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे याच समितीचे काम असते. कपाट हलविणे, चूल सरकविणे, चुना देणे ही कामे त्या आराखड्यात बसतात.

जाताना तक्रार घेऊन जाऊ नये, मदत घेऊन जावे. शिक्षक त्याच खोलीत, त्याच हवेत, दिवसभर घसा ताणत उभे असतात. त्यांचेही डोके दुखतच असते.

मात्र एवढे विसरू नये

रविवारी डोके दुखत नाही म्हणजे वर्गाचीच चूक, असा निष्कर्ष घाईने काढू नये. शाळेच्या दिवशी मूल उपाशीपोटी जाते का, पाणी कमी पिते का, रात्री जागते का, कोणी त्याला छळते का, नजर कमी आहे का, हेही विचारावे. रक्तक्षय आपल्या भागात फार आहे, तो तपासावाच.

आणि काही लक्षणांत खिडकी उघडून वाट पाहत बसू नये. पहाटे डोकेदुखीने जाग येणे, सकाळी उठल्याबरोबर उलट्या होणे, दिसण्यात किंवा चालण्यात बदल जाणवणे, झटका येणे, तापासह मान आखडणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन घटले किंवा संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. आणि घरात आपल्यालाच असा खोकला असेल तर आधी स्वतःची तपासणी करावी, कारण जंतू दोन्ही दिशांनी प्रवास करतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आजी समितीच्या बैठकीला गेल्या आणि त्यांनी रविवारची गोष्ट तेथेही सांगितली. कपाट दुसऱ्या भिंतीला गेले. चूल इमारतीच्या मागे हलली. मुलगी खिडकीखालून उठून मधल्या ओळीत आली. महिनाभरात रोजची डोकेदुखी आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली. लोहाचे औषधही चालूच होते, तेव्हा सारे श्रेय हवेला देण्याचे धाडस मी करणार नाही. या दिवाळीनंतर टोळी निघाली, तेव्हा मुलगी आजीपाशीच राहिली. ती आता पाचवीत आहे.

येत्या रविवारी आपल्या नातवंडाला जवळ बसवून विचारावे, ‘आज कसे वाटते?’ आणि सोमवारी संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर मंगळवारी शाळेत जाऊन वर्गाच्या दारात एक श्वास घेऊन पाहावा.